वापरलेले प्रायमर पकडायचे कसे? घरी काडतुसं भरणाऱ्या नवख्यांसाठी

शनिवारी सकाळी बायको अनवाणी गॅरेजमध्ये आली, वॉशिंग मशीनपर्यंत पोचली आणि "आई गं" म्हणून एका पायावर उभी राहिली. टाचेत काहीतरी रुतलं होतं. चिमट्याने काढून दिव्याखाली धरलं, तर पितळेचा तीन पायांचा इवलासा तुकडा. मी तो लगेच ओळखला, पण लगेच बोललो नाही. मग टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि काडतुसं भरायच्या प्रेसपासून वॉशिंग मशीनपर्यंतची फरशी धुंडाळली. एकवीस वापरलेले प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकल्या निघाल्या, त्यांच्यातून सुटलेल्या सहा ऐरणी (टाचेतल्यासारखेच तीन पायांचे तुकडे) निघाल्या आणि मुलीच्या स्केटिंगच्या बुटात आणखी एक प्रायमर निघाला.

घरी काडतुसं भरायला लागून तेव्हा चार महिने झाले होते. मॅन्युअल वाचलं होतं, तराजू चांगला घेतला होता, बंदुकीच्या दारूचा डबा कुलपात होता. वापरलेला प्रायमर मात्र मी नुसता कचरा धरून चाललो होतो. पण या छंदातून घरातल्या माणसांपर्यंत सहज पोचणारी वस्तू तीच. तो स्वतः पोचतो, आणि त्याच्याबरोबर सांडणारी शिशाची भुकटी पोचते. त्यामुळे माझ्या मते नवख्याने दारू मोजायला शिकण्याआधी प्रायमर पकडायला शिकावं. भरण्याची कृती इथे नाही. ती मॅन्युअलमधून आणि जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकायची असते. इथे फक्त पुंगळीतून, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून, जुना प्रायमर काढणं आणि त्याला घराबाहेर पोचवणं एवढंच.

आधी कायद्याचं

हे सगळं अमेरिकेतलं आहे. मी टेक्ससमध्ये राहतो. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरली तर लागतो. राज्याचे आणि शहराचे नियम त्यावर वेगळे असतात, ते आपापले पाहावेत.

आपल्या लोकांनी मात्र एक गोष्ट दोनदा वाचावी. एच-वन-बी किंवा एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला ओळखीचा म्हणजे राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. आणि कायद्याच्या व्याख्येत ॲम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. सुटी पुंगळी, सुटा प्रायमर, सुटी गोळी, सुटी दारू, सगळं त्यात येतं. म्हणजे मित्राकडून "सुरुवातीला असू दे" म्हणून पुंगळ्यांची पिशवी आणणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्ड हातात आलं की ही विशिष्ट बंदी राहत नाही. तोवर वकिलाला विचारा, नेमबाजीच्या रेंजवरच्या मित्राला नको.

भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे केवळ माहिती म्हणून वाचावं.

प्रायमर म्हणजे काय, आणि तो घाण का करतो

दिवाळीतल्या बंदुकीची टिकली आठवा. घोडा पडला की फट्. प्रायमर ही तीच कल्पना, फक्त धातूच्या वाटीत बसवलेली. छोट्या मापाचा प्रायमर ०.१७५ इंच रुंद, म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर, मोठा ०.२१० इंच, सव्वापाच मिलिमीटरच्या जरा वर. पितळेची एक छोटी वाटी, तिच्या तळाला स्फोटक मसाल्याचा थर आणि त्यावर बसवलेली तीन पायांची ऐरण. बंदुकीची पिन वाटीच्या पाठीवर आपटते, मसाला वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडला जातो, पेटतो, आणि ज्वाळा पुंगळीच्या बुडातल्या भोकातून, म्हणजे फ्लॅश होलमधून, आतल्या दारूपर्यंत जाते.

मसाला कशाचा, हा खरा मुद्दा. पूर्वी त्यात पाऱ्याचं फल्मिनेट असे. आता बहुतेक प्रायमरमध्ये मुख्य घटक असतो लेड स्टिफनेट, जोडीला बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड. बार उडाल्यावर वाटीत जी काळी काजळी उरते तिच्यात शिसं असतं. प्रायमर पुंगळीतून बाहेर पडला की ती काजळीही त्याच्या खिशातून, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या त्याच्या खोबणीतून, खाली येते. शंभर पुंगळ्या काढल्यावर शेलहोल्डरवरून, म्हणजे प्रेसमध्ये पुंगळी धरणाऱ्या भागावरून, बोट फिरवून पाहा, बोट पेन्सिलीच्या शिशासारखं करडं होतं. ही भुकटी प्रायमरहून कितीतरी हलकी. प्रायमर टप्पा खाऊन थांबतो, भुकटी बुटाच्या तळव्याला बसून घरात जाते.

आता एक गंमत, जिचा पुढे उपयोग आहे. प्रायमर दोन जातीचे. बॉक्सर जातीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. बर्डन जातीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. दोन्ही १८६० च्या दशकातले शोध. एडवर्ड बॉक्सर इंग्रज, वूलिचच्या शस्त्रागारातला अधिकारी. हायरम बर्डन अमेरिकन, यादवी युद्धात शार्पशूटरांच्या पलटणीचा कर्नल. पुढे अमेरिकेने इंग्रजाचा प्रायमर उचलला आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी अमेरिकनाचा रुजला. आपल्याला यातून घ्यायचं एवढंच की प्रायमर ढकलायची आपली पिन मधोमध असते, त्यामुळे बॉक्सरचा प्रायमर ती सरळ खाली ढकलते. बर्डनच्या पुंगळीत तीच पिन ऐरणीच्या पाठीवर आपटते आणि वाकते, नाहीतर तुटते.

प्रायमर निसटतो कुठून

प्रेसचं काम समजून घेतलं की पकडण्याची जागा आपोआप दिसते. हँडल खाली ओढलं की रॅम वर जातो. रॅमच्या डोक्यावरच्या शेलहोल्डरमध्ये अडकवलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसला वरून बसवलेल्या साच्यात शिरते. डायच्या मधली पिन फ्लॅश होलमधून उतरते आणि प्रायमरला बुडातून खाली ढकलते. हे अगदी शेवटच्या इंचभरात होतं. प्रायमर सुटतो तेव्हा टिच् असा आवाज येतो आणि हाताला जोर एकदम कमी झाल्यासारखा वाटतो.

इथून पुढे प्रेस कसा आहे त्यावर सगळं. जुन्या धाटणीच्या बऱ्याच ओ-आकाराच्या प्रेसमध्ये रॅमला पुढून उभी खाच असते. प्रायमर त्या खाचेतून घरंगळतो आणि समोर अडकवलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडतो. पडायला हवा, असं म्हणू. ट्रे आणि रॅम यांच्यात बोटभर नाही तरी काडीभर फट असतेच. शिवाय नवा प्रायमर बसवायचा दांडा त्याच खाचेत असेल, तर पडणारा प्रायमर त्याच्या टोकावर आदळून भलतीकडे उडतो. माझ्या बायकोच्या टाचेतली ऐरण याच वाटेने गेली होती. आदळल्यावर ऐरण वाटीतून सुटते, आणि ती वाटीपेक्षाही लहान असल्यामुळे कुठेही जाते.

दुसऱ्या धाटणीत रॅम आतून पोकळ असतो. प्रायमर रॅमच्या पोटातूनच खाली जातो आणि बुडाला लावलेल्या पारदर्शक नळीतून बाहेर येतो. ली कंपनीचा क्लासिक कास्ट असा आहे. फॉर्स्टरच्या को-ॲक्समध्येही प्रायमर नळीतून थेट खालच्या डब्यात पडतो आणि त्या प्रेसचे चाहते किंमत सांगण्याआधी हेच सांगतात. अजून प्रेस घेतला नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: प्रायमर ज्या प्रेसमध्ये उघड्या हवेत येतच नाही, तो घ्या. बाकी गुण-अवगुण नंतर.

तिसरा मार्ग हातात धरायच्या डीप्रायमरचा. मोठ्या पक्कडीसारखं हत्यार असतं, पुंगळी अडकवायची आणि दाबायचं. प्रायमर हत्याराच्याच पोटातल्या नळकांड्यात साठतात. टेबल नको, प्रेस नको. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसता येतं. दोनशे पुंगळ्यांनंतर मनगट बोलायला लागतं, पण महिन्याला शे-दीडशेच करणाऱ्याला याहून स्वच्छ काही नाही.

ट्रेचा प्रेस असेल तर

दोन गोष्टी करा, नव्वद टक्के त्रास तिथेच संपतो. नुसते प्रायमर काढायचे असतील तेव्हा नवा प्रायमर बसवायचा दांडा काढून ठेवा, म्हणजे खाचेत आडवं काही राहत नाही. मग दाराच्या फटीला लावतात ती चिकट फोमची पट्टी आणा आणि ट्रेच्या रॅमकडच्या कडेला लावा. रॅमला फोम नुसता टेकला पाहिजे, घासून अडता कामा नये. रॅमवर तेल असतं, त्यामुळे फोम महिन्या-दोन महिन्यांत काळा चिकट होतो, तो बदलायचा.

चुंबकाच्या ट्रेच्या मागे लागू नका. मी लागलो होतो. प्रायमरची वाटी पितळेची असते, वरून निकेलचा मुलामा असला तरी चुंबकाला ती दाद देत नाही. चुंबक उपयोगी पडतो तो ट्रेला ओतीव लोखंडाच्या प्रेसला घट्ट धरून ठेवायला. ट्रेच्या कानांना दोन छोटे चुंबक चिकटवले की धक्क्याने ट्रे उतरत नाही.

नळी आणि बाटली

पोकळ रॅमच्या प्रेसबरोबर आखूड नळी येते, खालचं टोक बुचाने बंद असतं. ती भरली की प्रायमर वर साचत जातात, एक दिवस रॅमच्या तोंडाशी येतात आणि मग प्रेस मध्येच अडतो. त्यापेक्षा दोन लिटरची सोड्याची बाटली जोडावी. सोपं आहे, पण घाईत केलं तर नळी सुटते आणि पाचशे प्रायमर एकदम फरशीवर येतात. (हो, अनुभव आहे.)

हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक व्हिनाइल नळी फुटावर मिळते. जुन्या नळीचा तुकडा खिशात घालून जा आणि मापाला माप लावून घ्या. अंदाजाने आणलेली नळी एकतर चढत नाही किंवा टिकत नाही. पारदर्शकच घ्या, अडलेलं दिसलं पाहिजे. रॅम खाली-वर होतो तशी नळीही होते, म्हणून लांबी मोजताना रॅम पूर्ण वर नेऊन मोजा आणि वर चार बोटं ढील ठेवा.

बाटलीच्या झाकणाला नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान भोक पाडा. नळीचं टोक दोन मिनिटं गरम पाण्यात धरलं की मऊ पडतं आणि भोकातून दामटून जातं. अंगठ्याएवढी नळी आत गेली पाहिजे. गार झाल्यावर ती झाकणाला अशी धरते की डिंक लागत नाही.

बाटली नळीला लोंबकळत ठेवायची नाही. टेबलाच्या पायाला तारेचा आकडा बसवून तिची मान त्यात अडकवा. छोट्या मापाचे हजार प्रायमर पाव किलोच्या आतबाहेर भरतात. वजन फार वाटत नाही, पण हँडलच्या प्रत्येक हिसक्याला तेवढं वजन नळी खेचत असतं.

नळी शक्य तितकी उभी उतरू द्या. जिथे वळण तिथे काजळी बसते आणि काजळी बसली की प्रायमर अडतो. काम चालू असताना मधूनमधून नळीवर टिचकी मारायची सवय लागली की झालं. बाटली तिसरा हिस्सा भरली की बदलायची, काठोकाठ भरायची वाट पाहायची नाही.

बाटलीत पाणी घालून ठेवावं का, असं बरेच जण विचारतात. भुकटी बसते हे खरं, पण मग शिशाचं पाणी विल्हेवाटीला येतं. मी कोरडीच ठेवतो आणि झाकण घट्ट लावतो.

आणि कृपा करून श्रीखंडाचा डबा वापरू नका. आपल्या घरातला रिकामा श्रीखंडाचा डबा कधी कढीपत्ता पोटात घेऊन फ्रिजमध्ये परत येईल ते सांगता येत नाही. जे भांडं एकदा प्रायमरला वापरलं ते स्वयंपाकघराला मेलं. त्याच्यावर जाड मार्करने मराठीत आणि इंग्रजीत लिहा: शिसं, हात लावू नये.

पहिल्या शंभर पुंगळ्या

चष्मा लावा. नंबरचा चष्मा असला तरी वरून सुरक्षेचा लावा. नायट्राइलचे पातळ हातमोजे घाला. टेबलाखाली जुनी चादर नको, ती झटकली की सगळं हवेत. रुंद प्लास्टिकचा ट्रे किंवा बेकिंगची मोठी थाळी ठेवा, जी नंतर ओल्या फडक्याने पुसता येईल. खोली गालिचाची नसावी. गालिचात गेलेली ऐरण पायालाच सापडते, आणि भुकटी कधीच निघत नाही.

मग पुंगळ्या निवडायला बसा. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त लक्ष हवं. प्रत्येक पुंगळी उचलून तिचं बूड पाहायचं. प्रायमरच्या मधोमध पिनेचा खड्डा हवा. खड्डा नसेल तर तो जिवंत प्रायमर असू शकतो, पुंगळी बाजूला. खड्डा आहे पण गोळी अजून तोंडात आहे, म्हणजे बार फुसका गेलेलं काडतूस. ते डायच्या जवळपासही न्यायचं नाही. गोळीसकटचं काडतूस प्रायमर काढायच्या डायमध्ये कधीही, कुठल्याही कारणाने जात नाही.

आता पुंगळीत टॉर्च मारा. मधोमध एक भोक दिसलं तर ठीक. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, तिला भंगाराच्या डब्यात टाका. रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्यांत अशी एखादी हमखास असते.

बूड पाहताना आणखी एक गोष्ट बघून घ्या, कारण प्रायमर एकदा बाटलीत गेला की कुठला कोणाचा ते कळत नाही. प्रायमर फाटून आरपार भोक पडलंय का, कडेने काजळी फुटलीय का, पिनेच्या खड्ड्याभोवती धातू उभा राहिलाय का? ही दाब जास्त झाल्याची किंवा बंदुकीत काही बिघडल्याची खूण असू शकते. नुसता चपटा दिसणारा प्रायमर पुरेसा पुरावा नाही, पण एकाच खेपेतल्या दहाबारा पुंगळ्यांना तेच दिसत असेल तर हात थांबवा आणि जाणत्याला दाखवा. वापरलेला प्रायमर म्हणजे उडालेल्या गोळीची चिठ्ठी असते. फेकण्याआधी वाचलेली बरी.

डाय कुठला? युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय घ्या. त्यात फक्त पिन असते, पुंगळीच्या अंगाला डाय लागत नाही, त्यामुळे न धुतलेली, मातीने भरलेली पुंगळीही चालते. पुंगळीचं माप बसवणारा महागडा डाय मातीने ओरबाडून घेण्यापेक्षा हा स्वस्त डाय आधी वापरलेला परवडतो. पिन मधोमध आहे ना ते बसवतानाच पाहा.

पहिल्या दहा पुंगळ्या अगदी सावकाश. हँडल ओढत न्या, टिच् लागलं की क्षणभर थांबा, मग परत आणा. हिसका देऊन खेचलं की प्रायमर खिशातून सुटतो तो बंदुकीतून सुटल्यासारखा, आणि मग ट्रे असो नाहीतर नळी, काही चुकतातच. दहा झाल्यावर ट्रेमधले किंवा बाटलीतले मोजा. दहा भरले पाहिजेत. नऊ भरले तर दहावा शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. तो कुठे गेला हे सापडलं म्हणजे तुमच्या प्रेसची फट सापडली. फट बुजवा आणि पुन्हा दहा करा.

कुठे अडतं

प्रायमर पिनेला चिकटून परत वर येतो आणि खिशात पुन्हा अर्धा शिरतो. नवख्याला वाटतं निघाला, पण निघालेला नसतो. पिनेचं टोक सपाट असलं की असं होतं. पिन काढून टोक बारीक कानशीने किंचित गोलसर करा आणि पॉलिश पेपरने घासा. जास्त घासून आखूड मात्र करू नका.

लष्करी पुंगळीत प्रायमर जागेवर राहावा म्हणून कडेने दाबून कैद केलेला असतो. बुडावर प्रायमरभोवती वर्तुळ दिसतं. मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याच्या ५.५६ च्या पुंगळ्या, ज्यांच्या बुडावर एल-सी अशी अक्षरं असतात, त्या रेंजवर ढिगाने मिळतात आणि त्यात हे दिसतं. जोर जास्त लागतो, सुटताना प्रायमर जास्त उडतो. अशा पुंगळ्या वेगळ्या करून त्यांची एकच खेप काढा, हात तेवढ्यापुरता बेताने चालतो.

जिवंत प्रायमर काढावा लागतो का? लागतो कधीकधी, नवा बसवताना वाकडा गेला तर. डोळ्यांवर चष्मा, समोर तोंड नाही, शेजारी कोणी नाही, वापरलेल्यांची बाटली आधी काढून घेतलेली, आणि हँडल इतकं हळू की ढकललं जातंय हे जाणवावं, ठोकलं जाऊ नये. मी पहिलं वर्षभर हे काम केलंच नाही, मग रेंजच्या एका जुन्या सभासदासमोर बसून केलं. तुम्हीही तसंच करा. निघालेला प्रायमर वापरलेल्यांत टाकायचा नाही. तेल टाकलं की तो मेला, या ऐकीव गोष्टीवर विसंबायचं नाही.

शिसं घरात जाऊ नये म्हणून

पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. आमच्या वाड्यातले एक काका तिथे होते. कामावरून आले की अंगणातल्या नळावर हातपाय खसाखसा धुवायचे, शर्ट बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचे. आम्हा पोरांना ते सोवळंच वाटायचं. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता मी नेमकं तेच करतो आणि कारण मला ठाऊक आहे.

प्रौढ माणसाच्या रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात अर्ध्यावर येतं, पण हाडात गेलेलं दशकानुदशकं राहतं. मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषतं, आणि मुलांसाठी निर्धोक अशी पातळीच नाही. इथल्या सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तातली लक्ष देण्याची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर केली. तुम्ही नियमित रेंजवर जात असाल आणि पुंगळ्याही काढत असाल तर वार्षिक तपासणीत डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची चाचणी मागा. घरात रांगतं मूल असेल तर त्याचीही.

बाकी नियम काकांचेच. टेबलावर चहा नाही, शेंगदाणे नाहीत, तंबाखू तर नाहीच. काम संपलं की हातमोजे उलटे करून काढायचे, हात साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, आणि तेही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. हँड सॅनिटायझर जंतू मारतो, शिसं जागेवरच ठेवतो. गॅरेजच्या चपला गॅरेजमध्येच. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवायचे.

झाडू मारायचा नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही. बारीक भुकटी तो मागून पुन्हा खोलीत सोडतो, आणि एखादा जिवंत प्रायमर आत गेला तर वेगळीच दिवाळी. ओलं फडकं किंवा ओले टिश्यू घ्या, एका दिशेने पुसा, घडी घाला, पिशवीत टाका.

धूळ मात्र सगळ्यात जास्त उडते ती पुंगळ्या पॉलिश करताना. अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घालून फिरवायचा टम्बलर असतो, त्याचं झाकण बंद खोलीत उघडू नका. प्रायमर आधी काढून पुंगळ्या ओल्या टम्बलरमध्ये घातल्या तर धूळ उडत नाही, प्रायमरचे खिसेही धुऊन निघतात. उरलेलं काळं पाणी मात्र शिशाचं असतं. ते भाजीच्या वाफ्यात ओतायचं नाही.

भरलेल्या बाटलीचं काय करायचं

बहुतेक काउंट्यांमध्ये घरगुती घातक कचरा स्वीकारण्याचं केंद्र असतं, जिथे आपण जुना रंग आणि बॅटऱ्या देतो. आधी फोन करून विचारा की वापरलेले प्रायमर आणि शिशाचं पाणी घेतात का. भंगारवाले पितळ म्हणून घेतात, पण सगळे नाही. ढिगात एखादा जिवंत निघाला तर, ही भीती त्यांना असते आणि ती रास्त आहे. घेणारा भेटला तरी दोन-तीन किलो झाल्याशिवाय गाडीच्या पेट्रोलचे पैसेही निघत नाहीत. घरी वितळवून पितळेची लगड करायचा मोह काहींना होतो. करू नका. शिशाची वाफ आणि लपलेला जिवंत प्रायमर, दोन्ही एकाच मुशीत नकोत.

रेंजवर नेण्याची बॅग कायमची वेगळी ठेवा, तिच्यावर रंगीत फीत बांधा. पुण्याला जायच्या गडबडीत घरातली कुठलीही रिकामी बॅग उचलली जाते आणि तिच्या बाजूच्या कप्प्यात ९ मिमीची एखादी पुंगळी तळाशी पडलेली असू शकते. भारताच्या शस्त्र अधिनियमातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर ती पुंगळी स्वच्छ दिसते. मी निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग जमिनीवर उलटी करतो, कप्प्यांचे अस्तर बाहेर ओढतो आणि शिवणीतून बोट फिरवतो. मागच्या डिसेंबरात त्यातून एक ऐरण पडली.